सिली म्हणजे कोण

१७ जानेवारी १९३३

ह्यांना नव्या वर्षाच्या दोन डायऱ्या भेट आल्या. एक कचेरीत ठेवली, दुसरी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, हाताला वळण लागेल. माझ्या हाताला भाकऱ्या थापून लागायचं ते वळण लागलं आहे, पण देताहेत तर नाही कशाला म्हणा. पंधरा दिवस कोरीच पडली होती. आज लिहिते आहे कारण डोकं तडकलं आहे.

काल रात्री जेवायला पुण्याचे एक मुन्सफ आणि ह्यांच्यासारखेच इथले दोन वकील होते. मी वाढत होते. मुन्सफांनी माझ्याकडे बघून इंग्रजीत काही विचारलं. ह्यांनी हसत हसत लांबलचक उत्तर दिलं. त्यातला एकच शब्द मला धरता आला, तो दोनदा आला म्हणून. ‘सिली’. दोघे वकील खो खो हसले. मुन्सफ मात्र पानातली कोशिंबीर चिवडत बसले. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, सिली म्हणजे हो काय? हे म्हणाले, भोळी. साधी. तुझं कौतुकच केलं मी.

कौतुक ऐकून लोक असे हसतात होय? मी खरकटं आवरलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही, आणि ते का नाही यावर गावानं बोलायचं ते बोलून झालं आहे. घरात माझं म्हणून काही असेल तर ते स्वयंपाकघर आणि ह्यांचा शब्द. त्या शब्दाला मी फार जपते.

सकाळी धीर करून म्हटलं, मला इंग्रजी शिकायचं आहे. वाटलं होतं, हसतील. पण हे लगेच म्हणाले, मीही तेच म्हणणार होतो, कन्याशाळेच्या मिस ओगले येऊन शिकवतील. कन्याशाळेच्या कमिटीवर हे आहेत. माझं वाक्य पुरतं होण्याआधीच ह्यांच्याकडे उत्तर तयार. मला इतकं बरं वाटलं की दुपारी ह्यांच्यासाठी वांग्याचं भरीत केलं.

२० जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. मिस ओगल्यांनाही बोलावलं, म्हटलं शिकवायला यायच्या आधी ओळख तरी होईल. पंचविशीची आहे. प्रमिला नाव. पुण्याची, बी. ए. झालेली, इथं शाळेजवळ एका खोलीत एकटी राहते. चष्मा, गळ्यापर्यंत बंद पोलकं, हातात एकेकच बांगडी. दिसायला बरी आहे. बरी म्हणजे चांगलीच आहे, उगाच खोटं कशाला लिहू.

शेजारची रत्नम्मा तबक घेऊन ओट्या भरत होती. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे, माणसं लिंगायत, घरात कानडी बोलतात. जिभेला हाड नाही पण मनानं सोनं. बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि उसाचे करवे घेऊन ती मिसबाईंपुढे आली तशा त्या मागं सरल्या आणि म्हणाल्या, मला हातावर द्या, माझी ओटी कशी भराल, माझं लग्न कुठं झालंय? बायका हसल्या. बी. ए. झालेल्या मुलीला एवढी रीत माहीत आहे म्हणून मला कौतुक वाटलं. कुमारिकेच्या हातावर द्यायचं, ओटी भरायची ती सवाष्णीची, हे आमच्या गल्लीतल्या परकरी पोरींनाही ठाऊक असतं, पण शिकलेल्यांचं काही सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी

रोज चारला धडा होतो. अक्षरं मला येतच होती, भाऊ शिकायचा तेव्हा शेजारी बसून गिरवली होती. आता मांजर चटईवर बसलं आहे, इथपर्यंत मी वाचते. विलायतेतली मांजरं रोज चटईवर बसतात, दुसरं काही करत नाहीत.

आज मी मिसबाईंना विचारलंच. म्हटलं, सिली म्हणजे काय ते नीट सांगा. त्या बावचळल्या. कुणी म्हटलं तुम्हाला, असं विचारू लागल्या. मी म्हटलं, कुणी का म्हणेना, अर्थ सांगा. तेव्हा उठून ह्यांच्या कचेरीतला मोठा कोश घेऊन आल्या, तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो. कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे हे त्यांना न विचारता सापडलं. हुशार बाई.

मूर्ख, बावळट, हा आजचा अर्थ. म्हणजे भोळी नव्हे, साधी नव्हे. सरळ मूर्ख. माझे कान तापले. मिसबाईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या, थांबा वहिनी, मुळात हा शब्द असा नव्हता. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते.

हजारेक वर्षांपूर्वी हा शब्द फार मोठ्या घरचा होता. सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला, असा त्याचा अर्थ. जर्मन लोकांत त्याचा भाऊ अजून त्याच मानानं नांदतो, गेलेल्या माणसालाही लावतात, आपण कैलासवासी म्हणतो तसा. इंग्रजांत मात्र त्याची दशा झाली. देवाची कृपा असलेला तो पापभीरू. पापभीरू तो कुणाच्या अध्यात ना मध्यात असा. असा माणूस म्हणजे बापडा. गरीब मेंढरांनाही हाच शब्द लावत. बापडा तो दुबळा, आणि दुबळा तो मूर्ख.

मी विचारलं, कुणी ढकललं त्याला खाली? त्या म्हणाल्या, कुणी ढकलत नाही, लोक वापरतात तसा शब्द आपोआप घसरतो. मी म्हटलं, लोक वापरतात म्हणजे लोकच ढकलतात. मिसबाई, तुम्ही सासरी नांदला नाहीत, तुम्हाला नाही कळायचं. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, मुलगी साधी आहे हो. सासूबाई खूष झाल्या होत्या. पाचसहा वर्षांनी त्याच सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, काय करणार, साधी आहे. शब्द तोच.

मिसबाई चष्मा पुसत बसल्या.

पण मला खरं सांगायचं तर राग कमीच झाला. हे एवढे शिकलेले. त्यांना मुळातला अर्थ ठाऊक असणारच. कदाचित तोच मनात असेल.

१२ फेब्रुवारी

ऑस्ट्रेलियात क्रिकेटच्या मॅची चालल्या आहेत. हे सकाळी पेपर वाचताना स्वतःशीच काही म्हणाले आणि त्यात परत ‘सिली’ आला. मी पोहे तसेच ठेवून विचारलं. बऱ्या मनःस्थितीत होते म्हणून सांगितलं. ब्याट घेतलेल्या माणसाच्या अगदी पुढ्यात जो झेल धरायला उभा राहतो, त्याच्या जागेला सिली म्हणतात. इतक्या जवळ उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा, चेंडू कधी थोबाडावर बसेल नेम नाही.

मी म्हटलं, म्हणजे जो सगळ्यात जवळ उभा तो मूर्ख. मग बायको कोण?

हसावं म्हणून बोलले होते. हे हसले नाहीत. पेपर घडी करून म्हणाले, तू थोडे दिवस माहेरी मंगळवेढ्याला का जात नाहीस? हुरडा चालू असेल, भाऊ बोलावतो आहे, तुझी प्रकृतीही सुधारेल. माझ्या प्रकृतीला काय धाड भरली आहे? दरवर्षी हुरड्याला जाऊ का विचारते तेव्हा घरात कोण बघेल म्हणतात. यंदा स्वतःहून पाठवताहेत. मी स्वच्छ सांगितलं, धडा बुडेल, मी नाही जाणार. मांजर चटईवरून उठायच्या बेतात आहे, आत्ता सोडून गेले तर सगळं विसरेन.

२५ फेब्रुवारी

आज एक चांगलं काम मनात धरलं होतं, त्याची माती झाली.

माझा मावसभाऊ वीस-बावीस मैलांवर मामलेदार कचेरीत आहे. बत्तीस वर्षांचा, बायको गेल्या साली बाळंतपणात गेली. शिकलेली बायको हवी म्हणतो. मला वाटलं, आपल्या मिसबाईंना काय वाईट? घरची माणसं लांब पुण्याला, इथं स्थळ बघणारं कुणी नाही. रात्रीच्या जेवणाला हे एकटेच होते, तेव्हा विषय काढला. म्हटलं, तुम्ही कमिटीवर आहात, तुम्हीच मिसबाईंना विचारा, तुमचा शब्द मोडणार नाहीत.

हे पानावरून उठले. अर्धी भाकरी तशीच. म्हणाले, तुला कुणी हे धंदे सांगितले, ती काय गुरंढोरं आहे का कुणाच्याही दावणीला बांधायला? इतका आवाज ह्यांनी माझ्यावर क्वचित चढवला असेल. मी कडी लावून रडले. मग विचार केला, ह्यांचंही बरोबर आहे. शाळेला बी. ए. मास्तरीण सोलापुरात मिळते कुठं? लग्न करून गेली तर कमिटी दुसरी आणणार कुठून? त्या शाळेसाठी ह्यांचा जीव तुटतो. मी आपला माझाच विचार करते.

१४ मार्च

पंधरा दिवस लिहिलं नाही कारण लिहायला घरात काही घडतच नव्हतं. हे एका दाव्यासाठी कोल्हापूरला गेले होते. मिसबाईही नव्हत्या, पुण्याला आई आजारी म्हणून रजा काढली होती. दोघं एकाच दिवशी निघाली. मी भल्या पहाटे उठून कडक भाकऱ्या केल्या आणि शेंगाची चटणी कुटली. दोन फडक्यांत बांधून एक शिदोरी ह्यांना दिली, दुसरी गड्याबरोबर मिसबाईंच्या खोलीवर धाडली. एकाच तव्यावरच्या भाकऱ्या.

शिमग्याला घरात मी एकटी. एकटीसाठी पुरण कोण घालणार? वरणभात केला. रत्नम्मानं पोळी आणून दिली आणि विचारलं, कोल्हापूरला कुठलं कोर्ट होळीला उघडं असतं? तिला कोर्टातलं काय कळतं. मी म्हटलं, मोठे दावे असे सुट्टी बघत नाहीत.

काल हे आले. माझ्यासाठी साडी आणली, काठ चांगला आहे. सोळा वर्षांत न मागता आणलेली ही पहिली. मी नेसून दाखवली. हे खिडकीतून बाहेर बघत छान म्हणाले.

२१ मार्च

मिसबाई परत आल्या पण शिकवण्यात त्यांचं लक्ष नाही. आईची तब्येत विचारली तर म्हणाल्या, बरी आहे, आणि लगेच विचारलं, कुणाची? चटणी आवडली का विचारलं तर घळाघळा रडायलाच लागल्या. आता चटणी तिखट होती हे मान्य, पण आठवडा उलटून गेल्यावर?

मग म्हणाल्या, वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे, पण तोंड उघडत नाही. मी ओळखलंच. मी म्हटलं, लग्न ठरलं ना? त्यांनी मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, अहो मग रडता काय, मला परकी समजता काय, मुलगा चांगला आहे ना? म्हणाल्या, हो, चांगला आहे. मी म्हटलं, बस्स तर. काही लपवाछपवी असेल तर ती ज्याच्या त्याच्यापाशी, मी उकरून काढणारी बाई नव्हे. आणि ह्यांना इतक्यात सांगू नका, शाळेवरून चिडतील.

ते ऐकून अशा काही बघत राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, वहिनी, त्या शब्दाचा मधला अर्थ आठवतो का, ज्याच्या मनात पापच नाही असा? तो तुम्हाला शोभतो.

इतकं चांगलं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. लिहून ठेवते आहे.

७ एप्रिल

चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ संपली, पन्हं पुरवून पुरवून वाढलं, पाय गळून गेले आहेत, पण आजची गंमत लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

यंदा ओट्या मीच भरत होते. भिजवलेले हरभरे, नारळ, खण. रांगेनं बायका बसल्या होत्या, मी आपली एकीमागून एक ओटी भरत चालले होते, बोलणं चालूच. मिसबाई रत्नम्माशेजारी होत्या. माझं लक्ष नव्हतं. कुमारिका आहे हे विसरून मी त्यांच्यापुढे वाकले आणि हरभऱ्याची ओंजळ पुढे केली. त्यांनी गुपचूप पदर पसरला. मी टाकले हरभरे, ठेवला नारळ, आणि मग माझ्या लक्षात आलं.

मला तर हसूच आवरेना. म्हटलं, मी तर विसरले, पण मिसबाई, तुम्ही पण! संक्रांतीला मला रीत शिकवत होता आणि आज खुशाल ओटी घेतलीत! परत काढून घेऊ का आता? त्या पांढऱ्याफटक पडल्या. पदर दोन्ही मुठींत गच्च धरला आणि म्हणाल्या, नको, भरलेली ओटी परत घेऊ नये. मी आणखीच हसले. दुसऱ्या कुणी हसलं नाही. रत्नम्माच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला होता.

बी. ए. होऊन काय उपयोग? आज मला तो शब्द कुणाला लावायचा ते कळलं. मिस ओगले, तुम्हीच सिली.

१५ एप्रिल

रत्नम्मा आठ दिवस फिरकली नव्हती. पिठाची चाळण परत द्यायच्या निमित्तानं मीच गेले. तिनं मला बसवलं आणि कडी लावली. रत्नम्मा आणि दाराला कडी, हेच मुळात विपरीत.

मग म्हणाली, “वैनी, कुमारीनं ओटी घेतली. तुमी भरलीत. आन् तुमाला त्यात कायबी वाटलं न्हाय?”

मी म्हटलं, विसरली असेल.

“बाईमाणूस हे विसरत न्हाय की. लगीन न झालेली घेत न्हाय, आन् झालेली न्हाय म्हनत न्हाय. सवाष्णीनं ओटीला न्हाय म्हनलं तर कुंकवाला बाध येतो. त्या भ्यानं तिनं पदर पसरला.”

मी म्हटलं, म्हणजे तिचं लग्न झालंय? मग सांगायला काय झालं? कुणाशी?

रत्नम्मानं माझा हात धरला. म्हणाली, “यव्वा, आता ते पण मीच सांगू व्हय?”

मी घरी आले. चाळण तिला द्यायची होती, ती माझ्याच हातात होती. उंबऱ्याशी उभी राहिले आणि आठवत गेले. कोशाचं कपाट. अर्धं टाकलेलं पान. शिमगा. कोल्हापूर. एका सकाळी बांधलेल्या दोन शिदोऱ्या. त्या दोघांनी त्या उघडून एकत्रच खाल्ल्या असणार. माझी चटणी वाटून घेतली असणार.

मेल्या हरभऱ्यांनी मला सांगितलं. सोळा वर्षं ज्याचं ताट मांडलं त्यानं नाही सांगितलं.

१६ एप्रिल

दुपारी वाढता वाढता विचारलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

“मिस ओगल्यांचं लग्न कुणाशी झालं?”

ह्यांनी घास गिळला, पाणी प्यायले. म्हणाले, “माझ्याशी. बरं झालं तूच विचारलंस.”

मग कोर्टात बोलावं तसं क्रमानं बोलले. कायद्याची आडकाठी नाही. घराण्याला मूल हवं. आणि माणसाला मनातलं बोलायला कुणीतरी लागतं. तुझ्याशी मी काय बोलू शकतो, तूच सांग. तुला काही कमी पडू देणार नाही. इथं जड जात असेल तर मंगळवेढ्याला खुशाल राहा, लोकही नाव ठेवणार नाहीत.

मी म्हटलं, मग मला इंग्रजी कशाला शिकवायला घेतलं? मी तर ह्यांच्याशी बोलता यावं म्हणूनच शिकत होते.

हे म्हणाले, “ती घरात येऊ-जाऊ लागली की तुला परकी वाटणार नाही. मी प्रमिलेला म्हटलंच होतं, आमची ही भोळी आहे, लळा लावून घेईल.”

मी ताक वाढलं. थेंबही सांडला नाही. मला वाटत होतं, मला पाहुण्यांपुढे उभं करायचं म्हणून तयार करताहेत. मला सवतीसाठी तयार करत होते. रोज चार वाजता, चटई मीच अंथरत होते.

१७ एप्रिल

तो शब्द कसा खाली आला ते मिसबाईंना नीट ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे. जो विश्वास ठेवतो तो आधी भाग्यवान असतो, कारण त्याला शांत झोप लागते. मग आजूबाजूच्यांना कळतं की ह्याला काहीही सांगितलं तरी खपतं. तिथून पुढे त्याला मूर्ख म्हणायला कितीसा वेळ लागणार? शब्द बदलत नाही, त्याच्याभोवतीची माणसं नीच होत जातात.

पण हे लिहून तरी काय होणार? जेवले नाही. कुणी जेव म्हटलंही नाही.

२९ एप्रिल

अक्षय्य तृतीयेला तिला घरात आणलं. शाळेनं तिला कामावरून आधीच काढलं होतं. लग्न झालेली बाई शिकवायला नको असा नियम आहे, आणि तो नियम करणाऱ्या कमिटीत हेही होते. म्हणजे आता तिलाही दुसरं दार नाही.

दारात भाकरतुकडा मीच ओवाळून टाकला, पायावर पाणी मीच घातलं. रत्नम्मा आली नाही, भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचे आवाज तेवढे येत होते. बाकीच्या बायका पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, केवढं मोठं मन! मन कसलं मोठं? ओवाळलं नसतं तर आकस धरते म्हणून दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याच्या मोटारीत बसवलं असतं. हे घर सोळा वर्षं मी सारवलं आहे. ह्यातून मी जायची नाही, मग मला कुणी काहीही म्हणो.

तिनं वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, काय दिला ते आठवत नाही. माझ्या मनात तिच्याबद्दल शिव्या होत्या. त्या लिहीत नाही, लिहिता येतात.

३ मे

सकाळी हे म्हणाले, आता धड्याबिड्याची काही गरज उरली नाही, प्रमिलेला घरात दुसरी कामं असतील. 

चारला माजघरात चटई अंथरली आणि हाक मारली. ती आली. डोक्यावरून पदर, चष्मा काढून ठेवलेला. ह्यांना आता घरात चष्मा आवडत नाही म्हणे. दारातच उभी राहून म्हणाली, वहिनी.

मी म्हटलं, “वहिनी नाही आता. अक्का म्हण. मी थोरली. बस आणि पुस्तक उघड.”

ती म्हणाली, “अक्का, मला तुमच्यापुढे बसायची लाज वाटते. तुम्ही मला बोला, मारा, पण हे नको.”

मी म्हटलं, “लाज वाटू दे. तुझी लाज मला नको, मला तुझी विद्या हवी. माझं सगळं घेतलंस, ती तरी देशील की नाही?”

ती बसली. पुस्तक तिनं डोळ्यांशी धरलं, चष्म्याशिवाय अक्षरही दिसत नसणार. मग मीच ओढून घेतलं आणि वाचलं, मोठ्यानं, बाहेर कचेरीत पक्षकार बसले होते त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ह्यांचं बोलणं मध्येच थांबलं. मी थांबले नाही. चार-पाच ठिकाणी उच्चार चुकला, ते माझं मलाच कळलं. मी दर वेळी तिच्याकडे बघितलं. तिनं एकदाही चूक म्हटलं नाही. मान खाली घालून हो, बरोबर, हो, म्हणत राहिली.

उद्या बसवल्या बसवल्या तिला सांगणार आहे. चुकले तर चुकले म्हणायचं. तेवढं तरी माझ्याशी खरं बोल.